बँकॉक पहिल्यांदा बघताय? मग आधी नदी गाठा

हे पाणी बघा. सकाळचे आठ वाजून गेलेत, नदीचं नाव चाओ फ्राया, आणि बोटीच्या कडेला पर्स पोटाशी घट्ट धरून उभी आहे ती माझी आई, आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर आलीये. आजूबाजूला ऑफिसला निघालेल्या बायका, युनिफॉर्ममधली मुलं, भगव्या वस्त्रातले दोन भिक्खू, आणि कंडक्टरबाई हातातला पत्र्याचा लांबट डबा खडखड वाजवत तिकिटं देत फिरतायत. तिकीट १६ बाथ. एक बाथ म्हणजे हिशोबाला तीन रुपये धरा, की पन्नास रुपयांच्या आत अख्खं जुनं बँकॉक डोळ्यासमोरून जातं आणि वारा फुकट.

हे सगळ्यात आधी दाखवायचं कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी मैत्रिणीबरोबर इथे आले होते तेव्हा आम्ही सगळीकडे टॅक्सीच केली, मॅपवर सहा किलोमीटर दिसलं म्हणून निघालो आणि एका सिग्नलला इतका वेळ थांबलो की पुढच्या गाडीतल्या बाळाची झोप होऊन ते उठलंसुद्धा. पावणेदोन तास लागले. ड्रायव्हर भला माणूस, मीटर बरोबर, चूक कोणाचीच नाही, रस्ताच तसा. राजवाड्याला, म्हणजे ग्रँड पॅलेसला, पोचलो तर तिकीट खिडकी बंद झालेली, आणि दुसऱ्या दिवशी आमची परतीची फ्लाइट होती. ते मला इतकं लागलं की यावेळी आई-बाबांना घेऊन यायचं ठरल्यावर अख्खी ट्रिप मी फक्त रेल्वे आणि नदीवर बसवली. तुम्हीही तसंच करा, मी अगदी मनापासून सांगतेय.

आता सुरुवातीपासून येऊ. निघायच्या आधी एक काम आहे, थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड. १ मे २०२५ पासून ते सगळ्यांना भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, ऑनलाइन, आणि ते पूर्णपणे फुकट आहे. फुकट आहे हे परत सांगते कारण पैसे मागणाऱ्या हुबेहूब दिसणाऱ्या साइट्स आहेत, त्यामुळे थाई इमिग्रेशनच्या अधिकृत साइटवरच जा. व्हिसाचे नियम मधूनमधून बदलत असतात, ते तिकीट काढायच्या आधी दूतावासाच्या पानावर बघूनच घ्या, कोणाच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर जाऊ नका.

विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. हो, आपलंच सुवर्णभूमी, थाई लोक त्याला सुवन्नाफूम म्हणतात. परत जाताना इमिग्रेशन झाल्यावर आत समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे, वासुकी, देव, दानव सगळे, बाबा त्याच्यासमोर इतके रमले की शेवटी मला हात धरून गेटकडे न्यावं लागलं. येताना मात्र सरळ खाली बेसमेंटला जायचं, तिथून शहरात जायची ट्रेन सुटते, एअरपोर्ट रेल लिंक. फाया थाई म्हणजे शेवटच्या स्टेशनपर्यंत ४५ बाथ आणि जवळपास अर्धा तास. पैसे बदलायची दुकानंही तिथेच खाली आहेत, वरच्या बँक काउंटरपेक्षा तिथला रेट चांगला असतो. एटीएममधून काढायचे असतील तर बाहेरच्या देशाच्या कार्डाला दर वेळी २२० बाथच्या आसपास चार्ज लागतो, म्हणून थोडे थोडे काढू नका, एकदाच काढा, आणि मशीन विचारेल की रुपयांत कन्व्हर्ट करून कापू का, तर नको म्हणा.

सामान जास्त आहे, सोबत म्हातारी माणसं आहेत, रात्र झालीये, तर टॅक्सी घ्या, त्यात काही चुकीचं नाही. पहिल्या मजल्यावर मशीनमधून नंबराची चिठ्ठी मिळते, मीटर ३५ बाथपासून सुरू होतं, वर ५० बाथ विमानतळाचे आणि एक्सप्रेसवेचा टोल आपला. शहरात टॅक्सीवाला मीटर लावायला तयार नसेल तर भांडायचं नाही, हसून दार लावायचं आणि दुसरी बघायची, मागे दहा उभ्या असतात.

हॉटेल घेताना एकच बघा, स्टेशनपासून चालत किती. स्वस्त पडतंय म्हणून लांबच्या गल्लीत घेतलं की रोजचे दोन तास जातात. गल्लीला इथे सॉय म्हणतात, मोठ्या रस्त्याच्या एका बाजूला विषम नंबर आणि दुसऱ्या बाजूला सम, पण समोरासमोर नंबर जुळतील असं समजू नका. थाँग लो स्टेशनवर एका बाजूला सॉय ५५ आणि बरोब्बर पलीकडे सॉय ३८. आम्ही पत्ता शोधताना त्यात अर्धा तास घालवला, वर एप्रिलचं ऊन. (एप्रिल इथला सगळ्यात तापलेला महिना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जमत असेल तर तेव्हाच या, आई-बाबांना घेऊन येणार असाल तर नक्कीच.)

शहरात मेट्रो दोन. डोक्यावरून धावते ती बीटीएस, १९९९ मध्ये सुरू झाली, आणि जमिनीखालची एमआरटी. दोघांची तिकिटं वेगळी, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. एमआरटीच्या गेटवर आपलं टॅप करायचं बँक कार्ड चालतं, बीटीएसला काउंटरवर किंवा मशीनवर तिकीट काढा. प्लॅटफॉर्मवर बाण काढलेत, लोक त्या बाणांवर ओळीत उभे राहतात आणि उतरणारे सगळे उतरेपर्यंत कोणी हलत नाही. आयुष्यभर डोंबिवली लोकलने गेलेल्या माझ्या बाबांनी ते बघितलं आणि मागच्या माणसाला जागा करून देत स्वतः रांगेत उभे राहिले. संध्याकाळी पाच ते साडेसात मात्र गर्दी तुफान, तेव्हा कुठेतरी बसून काहीतरी खा. आणि डब्यात एसी एवढा थंड की स्टोल लागतोच.

सफान ताक्सिन स्टेशनवर उतरलं की खालीच साथॉर्न जेट्टी. इथे नीट लक्ष द्या. जेट्टीवर गेल्या गेल्या निळ्या झेंड्याच्या टुरिस्ट बोटीचं तिकीट पुढे करतील, ती वाईट नाही पण महाग, आपल्याला हवी केशरी झेंड्याची, ती रोजची बोट, तिची रांग थोडी बाजूला असते. राजवाड्यासाठी 'था चांग' जेट्टीवर उतरा, वाट फो साठी 'था तियन' जेट्टीवर (वाट म्हणजे इथे देऊळ). बोट जेट्टीला टेकते आणि शिट्टी वाजली की निघतेच, जास्त थांबत नाही, म्हणून आपला स्टॉप यायच्या आधीच मागच्या बाजूला येऊन उभं राहायचं, म्हाताऱ्या माणसाला मध्ये घ्यायचं, एक पुढे एक मागे. पाण्याची भीती असेल तर एमआरटीचं सनाम चाय स्टेशन आहे, वाट फो तिथून चालत पाच-सात मिनिटं.

आता राजवाडा. १७८२ मध्ये पहिल्या रामाने, हो इथल्या राजांना राम म्हणतात, राजधानी नदीच्या या काठावर आणली तेव्हाचा. परदेशी माणसाला तिकीट ५०० बाथ, सकाळी साडेआठला उघडतो आणि साडेतीनला तिकिटं बंद. साडेआठलाच पोचा, दहानंतर ऊन आणि ग्रुप दोन्ही वाढतात.

आणि हे तर कान देऊन ऐका. भिंतीच्या कडेने चालताना एक इस्त्रीचा शर्ट घातलेला सज्जन दिसणारा माणूस बाबांजवळ आला, छान इंग्रजीत म्हणाला आज पूजा आहे, राजवाडा दुपारी दोनला उघडेल, तोपर्यंत हा टुकटुक तुम्हाला २० बाथमध्ये तीन देवळं दाखवून आणेल. बाबा थांबले, आभार मानायला लागले. माणूस इतक्या आदराने बोलत होता की कोणीही थांबेल. ती टुकटुक शेवटी रत्नांच्या किंवा कपड्यांच्या दुकानात नेते आणि तिथून रिकाम्या हाताने निघणं अवघड होतं. ही फसवणूक कित्येक वर्षं चालू आहे. राजवाडा उघडा आहे की नाही हे फक्त राजवाड्याच्या दारावर कळतं, रस्त्यावर नाही. मी बाबांना म्हटलं, बाबा, चला तर खरं, दारापर्यंत जाऊ. दार सताड उघडं होतं.

कपड्यांचं सांगते. खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, बाई असो की पुरुष. साडी उत्तम चालते पण स्लीव्हलेस ब्लाऊज असेल तर पदर अंगभर घ्या. हाफ पँट घालून आलात तर बाहेरून लुंगीसारखं काही विकत घेऊन गुंडाळावं लागतं. बूट असे घाला जे पटकन निघतात, दिवसात सात-आठ वेळा काढायला लागतात. मूर्तीकडे पाय करून बसायचं नाही, कोणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नाही. आपल्याला हे अवघड नाही, आपण असेच वाढलोय.

आतल्या ओवऱ्यांच्या भिंतींवर रामायण आहे, रामाकियन म्हणतात, १७८ चित्रं, सोन्याच्या वर्खाने चमकणारी. आई पहिल्या भिंतीपाशी थांबली आणि एकेक ओळखायला लागली, हा हनुमान, ही सेतू बांधताना वानरसेना, हा दशकंठ. दशकंठाला इथे थोत्साकान म्हणतात आणि त्याचा रंग हिरवा. तिला कोणी गाइड लागला नाही. मी म्हणते दोन तास ठेवले असतील तर तीन ठेवा, आणि त्यातला एक फक्त या भिंतींना.

खाण्याचं आता, कारण घरी सगळ्यात जास्त चिंता त्याचीच होती. आई शुद्ध शाकाहारी. इथे भाजीत, नूडल्समध्ये, पपईच्या कोशिंबिरीतसुद्धा माशाचा सॉस असतो, नाम प्ला, आणि नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं की समोरचा मांसाचे तुकडे काढतो, सॉस राहतोच. तर तुमच्या कामाचा शब्द आहे 'जे'. पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षर, आपल्या डोळ्याला इंग्रजी आकड्यांत सतरा लिहिल्यासारखं दिसतं. 'जे' म्हणजे मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही, चातुर्मास पाळणाऱ्यांना याहून काय पाहिजे. 'किन जे खा', म्हणजे मी 'जे' खाते, शेवटचा 'खा' नुसता आदराचा, पुरुषांनी त्याच्या जागी 'खाप' म्हणायचं. माय साय नाम प्ला, फिश सॉस घालू नका. माय साय खाय, अंडं नको. माय फेत, तिखट नको. हे एका कागदावर थाईत लिहून घेतलं हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीकडून, आई तो कागद दाखवायची आणि दुकानातली बाई हसून मान हलवायची. दुसरा एक शब्द आहे मांगसाविरात, नीट ऐका, मांस आणि विरती, आपलेच शब्द, पण त्यात अंडं चालू शकतं.

चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस 'जे' चा उत्सव असतो, बऱ्याच वर्षी तो आणि आपलं नवरात्र एकदमच येतात, तेव्हा यावारात म्हणजे चायनाटाउन पिवळ्या झेंड्यांनी भरून जातं आणि पावलापावलावर शाकाहारी गाडी. जमलं तर तेव्हा या. एरवी फळं, पेरू तिखट-मीठ लावून मिळतो, मार्च ते मे आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात. आणि चपातीची आठवण झालीच तर फाहुरातला जा, सामयोत स्टेशनजवळ, आपल्या लोकांची जुनी कापड बाजारपेठ, मोठा गुरुद्वारा, चहा.

नळाचं पाणी पिऊ नका, बाटली घ्या, कोपऱ्याकोपऱ्यावर सेव्हन इलेव्हन आहे, तिथे ओआरएसची पाकिटंही मिळतात. ई-सिगारेटवर बंदी आहे, बॅगेत ठेवूसुद्धा नका. राजघराण्याबद्दल चेष्टेतही काही बोलू नका, कायदा कडक आहे आणि लोकांच्या मनाला ते लागतं. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर, बागेत राष्ट्रगीत लागतं, सगळे जागच्या जागी उभे राहतात, आपणही राहायचं. टुरिस्ट पोलीस ११५५, अँब्युलन्स १६६९, हे दोन नंबर आत्ताच फोनमध्ये टाका.

ही शेवटची संध्याकाळ. था तियनवरून समोरच्या काठावर जायला छोटी होडी, पाच बाथ, दोन-तीन मिनिटं. पलीकडे वाट अरुण. अरुण म्हणजे आपला अरुणच, सूर्याचा सारथी. लांबून दगडी वाटणारा मनोरा जवळ गेलं की चिनी मातीच्या तुकड्यांचा निघतो, फुलं, पाकळ्या, चक्क बशा. आईने एका बशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, अगं ही तर आजीच्या कपाटातल्यासारखी आहे. तिकीट २०० बाथ, साडेचारपर्यंत जाऊन बघून घ्या आणि त्याच होडीने परत था तियनला या, कारण दिवे लागल्यावर मनोरा या काठावरूनच दिसतो, अख्खा, पाण्यातल्या सावलीसकट. आम्ही जेट्टीच्या लाकडी बाकावर बसून बघत होतो, बाबा काही बोलत नव्हते. केशरी झेंड्याची शेवटची बोट संध्याकाळी लवकर असते, तिची वेळ सकाळीच जेट्टीवर विचारून ठेवा. आमची गेली होती, मग सनाम चाय स्टेशनपर्यंत चालत आलो, वाटेत आईने दोन पेरू घेतले.