मूस लेकभोवतीचे दहा किलोमीटर

[पडद्यावर: उत्तर अल्बर्टाचा नकाशा. नदीच्या निळ्या रेषेवर एक ठिपका.]

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताच्या उत्तरेला फोर्ट मॅकमरे नावाचं शहर आहे. तिथून अथाबास्का नदीच्या कडेकडेनं साधारण ६० किलोमीटर उत्तरेला गेलं, की फोर्ट मॅके लागतं. क्री, डेने आणि मेटी या मूळ रहिवाशांचं छोटंसं गाव. घरं नदीच्या काठावर आणि गावाच्या आजूबाजूला खाणी.

[नकाशावर खाणींचे पट्टे एकामागून एक उमटत जातात: १९६७, १९७८, २०००, २०१०.]

या खाणी ऑइल सँड्सच्या, म्हणजे डांबर मिसळलेल्या वाळूच्या. हे डांबर विहीर खणली की उसळून वर येणारं तेल नव्हे. थंडीच्या दिवसांत बरणीत बसलेल्या काकवीसारखं ते जागचं हलत नाही. जिथं ते जमिनीच्या जवळ आहे तिथं आधी जंगल कापतात, दलदल आटवतात, वरची माती उचलतात आणि मग वाळू खणून गरम पाण्यात घुसळतात. एक पिंप तेल काढायला साधारण २ टन वाळू लागते. उरलेलं घाणपाणी मोठमोठ्या तळ्यांत साठवून ठेवतात. जिथं डांबर खोल आहे तिथं दोन आडव्या विहिरी एकीखाली एक खणतात. वरच्या विहिरीतून वाफ सोडायची, खालच्या विहिरीतून पातळ झालेलं डांबर उपसायचं. अल्बर्टातलं बहुतेक डांबर असं खोलवरच आहे.

वाफेच्या प्रकल्पात खाणीसारखा राक्षसी खड्डा पडत नाही, त्यामुळे विमानातून पाहिलं तर फार काही झालंय असं वाटत नाही. पण विहिरींचे चौथरे, रस्ते, पाइपलाइनी आणि भूगर्भ तपासायला जंगलात आखलेल्या सरळ रेषा यांनी जंगलाचे तुकडे होतात. त्या मोकळ्या रेषांवरून लांडगे सहज धावतात आणि कॅरिबू नावाच्या हरणांना पळायला जागा उरत नाही.

[जुना कृष्णधवल फोटो: १८९९. तंबू, झेंडा, करारावर सह्या.]

१८९९ मध्ये इथल्या लोकांनी ब्रिटिश राजसत्तेशी करार केला. त्याला आठवा करार म्हणतात. शिकार, मासेमारी, सापळे लावणं पूर्वीसारखं चालू राहील, असं त्यात लिहिलं होतं. त्याच वाक्याच्या शेपटीला एक अपवादही होता. वस्ती, खाणकाम, लाकूडतोड, व्यापार यांसाठी वेळोवेळी जी जमीन लागेल ती सोडून. ‘वेळोवेळी’ म्हणजे किती वेळा, आणि सगळी मिळून किती जमीन, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. पुढच्या सव्वाशे वर्षांचं भांडण त्या शेपटीत आहे.

पहिली मोठी खाण १९६७ मध्ये सुरू झाली. ग्रेट कॅनेडियन ऑइल सँड्स, आजची सनकॉर. त्या काळात गावाला विचारायची रीतच नव्हती. जानेवारी १९८३ मध्ये फोर्ट मॅकेच्या लोकांनी रस्त्यात उभं राहून लाकडाचे ट्रक अडवले. तेव्हा गावाच्या प्रमुख होत्या डोरथी मॅकडॉनल्ड. रस्ता अडवल्याशिवाय कुणी बोलायला येत नाही, हा अनुभव जगात बऱ्याच ठिकाणच्या लोकांना असेल.

[दृश्य: गावाच्या कंपनीचे ट्रक, कामगारांची पाळी बदलते आहे.]

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढची सगळी कथा चुकीची वाटेल. फोर्ट मॅके तेलाच्या विरोधात नाही. १९८० च्या दशकात युरोपात फरविरोधी मोहीम पेटली, फरचा बाजार कोसळला आणि सापळ्यांवर पोट भरणाऱ्या घरांची कमाई गेली. १९८६ मध्ये गावानं स्वतःच्या कंपन्या काढल्या. सुरुवात साफसफाईच्या एका कंत्राटानं झाली. प्रमुख जिम बाउचर यांच्या काळात त्या इतक्या वाढल्या, की २०१७ मध्ये फोर्ट मॅके आणि मिकिस्यू क्री या दोन फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे मूळ रहिवाशांच्या समाजांनी, मिळून सनकॉरच्या तेलसाठवण टाक्यांतला ४९ टक्के हिस्सा ५० कोटी ३० लाख कॅनेडियन डॉलरना विकत घेतला.

तेव्हा ‘बिचारे आदिवासी आणि दुष्ट कंपनी’ या चौकटीत हे गाव बसवू नका. ही माणसं ताळेबंद वाचतात, भागीदारीच्या वाटाघाटी करतात आणि सुट्टीला जंगलातल्या केबिनवर जातात. ती केबिन जिथं आहे, त्या जागेची ही गोष्ट.

[दृश्य: हवाई चित्रण. दोन तळी, भोवती ॲस्पेन आणि स्प्रूसचं दाट जंगल.]

गावाच्या वायव्येला, जंगलात बरंच आत, दोन तळी आहेत. सरकारी नकाशावर नावं वेगळी आहेत, गावकरी या परिसराला मूस लेक म्हणतात. तिथं फोर्ट मॅकेच्या राखीव जमिनी आहेत. गावाजवळचं जंगल खाणींत गेल्यावर मूस, म्हणजे इथलं मोठं हरीण, मारायला, मासे धरायला, नातवंडांना सापळा कसा लावतात ते दाखवायला उरलेली जागा म्हणजे ही.

[जवळून: तळहातावर ब्लूबेरी. बोटांनी एकेक फळ उलटून पाहिलं जातं.]

गावातल्या वडीलधाऱ्या मंडळींचा एक गट वैज्ञानिकांसोबत बेरी तपासतो. ब्लूबेरी आणि क्रॅनबेरी. हंगामात ठरलेल्या जागी जायचं, झुडपं बघायची, फळ धुळकट आहे का, साल कशी आहे, चव कशी आहे हे नोंदवायचं आणि नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे. खाणीजवळची बेरी आणि लांबची बेरी यांतला फरक आजीला जिभेवर कळतो. प्रयोगशाळेतून तो आकड्यांत येतो. प्रकल्पांना परवानगी देणारी यंत्रणा म्हणजे नियामक. त्याच्या टेबलावर मात्र आकडाच पोचतो.

[दृश्य: लांबलचक टेबल, त्यावर नकाशा, रंगीत टाचण्या.]

आता विचारण्याची पद्धत बघू. १९८२ च्या संविधानात कलम ३५ आलं आणि मूळ रहिवाशांचे करारातले हक्क त्यात मान्य झाले. २००४ मध्ये हायडा नेशनच्या खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हक्कांना धक्का लागू शकत असेल तर सरकारनं आधी सल्लामसलत केलीच पाहिजे. त्यातली कागदोपत्री कामं कंपनीवर सोपवता येतील, पण जबाबदारी सरकारचीच. पुढच्याच वर्षी, मिकिस्यू क्रींच्या खटल्यात, हाच नियम आठव्या करारातल्या त्या ‘वेळोवेळी’लाही लागू झाला.

कागदावर उत्तम. प्रत्यक्षात कंपनीचे लोक येतात, टेबलावर नकाशा पसरतात. तुम्ही शिकार कुठं करायचात? म्हातारा बोट ठेवतो, तिथं टाचणी. मासे कुठं? दुसरी टाचणी. मग कंपनी सांगते, या टाचणीपासून रस्ता थोडा बाजूला घेऊ. टाचण्या संपल्या की अहवाल तयार. मूस मात्र टाचणीवर उभा राहत नाही. तो अख्खं खोरं फिरतो आणि शिकारी त्याच्यामागे.

शिवाय दर वेळी प्रश्न एकाच प्रकल्पाचा असतो. या प्रकल्पानं किती नुकसान होईल? थोडंसं. पुढच्यानं? थोडंसं. प्रत्येक अहवाल आपापल्या जागी खरा असू शकतो. बेरीज करणारं टेबलच नव्हतं. २००० साली एकत्रित परिणामांसाठी सर्वांना एकत्र बसवणारी एक संघटना काढली होती, तिनं शिफारशीही केल्या. २०१६ मध्ये ती बंद पडली.

[दृश्य: नकाशावर मूस लेक. भोवती वर्तुळ हळूहळू मोठं होतं.]

डोव्हर नावाचा एक प्रकल्प आला. वाफेवर चालणारा, रोज अडीच लाख पिंपांपर्यंत जाणारा, मूस लेकच्या राखीव जमिनींना लागून. फोर्ट मॅकेनं प्रकल्प रद्द करा असं म्हटलं नाही. आमच्या जमिनीभोवती २० किलोमीटरचा पट्टा मोकळा ठेवा, एवढीच मागणी. नियामकानं २०१३ मध्ये मंजुरी दिली आणि पट्टा नाकारला. कारण दिलं ते असं, की पट्टा सोडला तर फार मोठा डांबरसाठा जमिनीतच अडकून पडेल. गाव अपिलात गेलं, २०१४ च्या सुरुवातीला कंपनीशी समझोता झाला आणि खटला मिटला. पट्ट्याचा प्रश्न तसाच राहिला.

२०१५ मध्ये प्रांताचे तत्कालीन प्रमुख जिम प्रेंटिस आणि जिम बाउचर यांनी एका इरादापत्रावर सह्या केल्या. मूस लेकभोवतीच्या १० किलोमीटरसाठी व्यवस्थापन आराखडा करायचा. २० चे १० झाले, पण निदान प्रश्न बदलला. हा प्रकल्प चालेल का, हा प्रश्न बाजूला राहिला. या जागेत एकूण किती चालेल, हा पुढे आला. त्यानंतर काही महिन्यांतच प्रेंटिस निवडणूक हरले, सरकार बदललं आणि आराखडा बैठकांत फिरत राहिला.

तेवढ्यात प्रॉस्पर पेट्रोलियमचा रायजेल प्रकल्प पुढं आला. तसा छोटा, रोजचं १० हजार पिंप. पण जागा? राखीव जमिनींपासून ५ किलोमीटरच्या आत, म्हणजे त्या दहा किलोमीटरांच्या ऐन पोटात.

[दृश्य: सुनावणीच्या दालनातल्या रिकाम्या खुर्च्या.]

जनसुनावणीत गावानं सांगितलं, की आमचा आणि सरकारचा या जागेबद्दल आराखडा चालू आहे, तो होईपर्यंत थांबा. जून २०१८ मध्ये नियामकानं मंजुरी दिली. त्याचं म्हणणं, आराखडा अजून पक्का झालेला नाही, म्हणून तो विचारात घेता येत नाही. आणि सरकारनं सल्लामसलत नीट केली की नाही हे तपासणं कायद्यानं आमच्याकडे नाही. त्यासाठी मंत्रिमंडळ आहे. अडचण अशी, की आराखडा पक्का न करणारंही सरकारच. मी टोलवतो, तू झेल. चेंडू मात्र गावाच्या अंगणात.

२४ एप्रिल २०२० ला अल्बर्टाच्या अपील न्यायालयानं ती मंजुरी रद्द केली. तिन्ही न्यायाधीश एकमतानं. नियामकाला प्रकल्प लोकहिताचा आहे का हे ठरवायचं असतं, आणि मूळ रहिवाशांना दिलेला शब्द पाळणं हा लोकहिताचाच भाग आहे. तो प्रश्न दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. फाईल पुन्हा नियामकाकडे गेली.

वर्षानुवर्षं पूर्ण न होणारा आराखडा त्यानंतर दहा महिन्यांत पूर्ण झाला. फेब्रुवारी २०२१. हा योगायोग मानायचा असेल त्यांनी मानावा.

आराखड्यात तेल काढायला बंदी नाही, हे आवर्जून सांगितलं पाहिजे. त्या पट्ट्यात एका वेळी किती जमीन उकरता येईल याला मर्यादा आहे, रस्त्यांनी कुणी किती आत यावं याला मर्यादा आहे, पाणी आणि प्राण्यांवर नजर ठेवण्याची व्यवस्था आहे. पुढच्या कंपनीला अर्ज करण्याआधीच माहीत असेल, की इथं एवढंच. खरं तर कंपनीलाही हे सोयीचं. रायजेलसारखी वर्षं आणि वकील दोन्ही खर्चून शेवटी हात हलवत परतण्यापेक्षा.

[दृश्य: नदी उत्तरेला वाहते. फोर्ट चिपेव्हायनचा धक्का, होड्या.]

नदी जिथं अथाबास्का सरोवराला मिळते तिथं फोर्ट चिपेव्हायन आहे. बारमाही रस्ता नाही. उन्हाळ्यात होडी, थंडीत बर्फावरचा रस्ता, नाहीतर विमान. मे २०२२ मध्ये इंपिरियल ऑइलच्या कर्ल खाणीजवळ गढूळ, रंग बदललेलं पाणी दिसलं. पहिली सूचना मिळाली, पुढं नऊ महिने नदीच्या खालच्या गावांना ते कशाचं पाणी आहे, थांबलं का, काही कळवलं गेलं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच खाणीतल्या एका दुसऱ्या तळ्यातून ५३ लाख लिटर घाणपाणी बाहेर पडलं, नियामकानं जाहीर आदेश काढला, तेव्हा लोकांना जुनी गळतीही समजली. अथाबास्का चिपेव्हायन फर्स्ट नेशनचे प्रमुख ॲलन ॲडम यांनी तेव्हा राग लपवला नाही. मधल्या काळात लोक तिथलेच मासे खात होते. या खाणीचीही परवानगीआधी सुनावणी झाली होती. सुनावणी संपली, खाण चालू झाली आणि संवादाची गरजही संपली असं कुणीतरी मानलं.

[नकाशा पुन्हा. या वेळी आठव्या कराराची संपूर्ण हद्द.]

जून २०२१ मध्ये शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात, याच आठव्या करारावर, ब्लूबेरी रिव्हर फर्स्ट नेशन्सनी खटला जिंकला. त्यांच्या दाव्यातल्या भूभागाचा ८५ टक्के भाग कुठल्या ना कुठल्या औद्योगिक खुणेपासून २५० मीटरच्या आत आला होता, असं न्यायालयासमोर आलं. कुठलाच एक रस्ता किंवा एक विहीर दोषी नव्हती. न्यायालयानं सगळ्यांची बेरीज केली आणि करार मोडला असं म्हटलं. प्रांतिक सरकार अपिलात गेलं नाही.

अल्बर्टात अशीच बेरीज मागणारा दावा बीव्हर लेक क्री नेशननं २००८ मध्येच दाखल केला आहे. हजारो परवानग्या एकत्र मोजा, एवढं त्यांचं म्हणणं. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला खरा, पण मूळ प्रश्न घेऊन नव्हे. दावा लढवायला लागणारा पैसा संपत आला होता. तो सरकारनं आगाऊ द्यावा का, यावर तिथं सुनावणी झाली आणि मार्च २०२२ मध्ये ते ठरवण्यासाठी प्रकरण खालच्या न्यायालयात परत पाठवलं गेलं.