एकट्यानं पावडरमध्ये

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय एकट्यानं डोंगरात स्कीइंगला जाण्याबद्दल, आणि ते पण रिसॉर्टच्या बाहेर, म्हणजे जिथे लिफ्ट नाही, मशीन फिरवून सपाट केलेला उतार नाही, पडलात तर धावत येणारं कुणी नाही, आहे तो फक्त रात्रभर पडलेला हलका भुसभुशीत बर्फ, ज्याला स्कीवाले सगळे पावडर म्हणतात.

व्हिडिओ बघून वाटतं की माणूस दिवसभर खालीच येत असतो. खरा हिशोब उलटा आहे हो. बऱ्यापैकी दम असलेला माणूस तासाला ३००-४०० मीटर उंची चढतो, म्हणजे १००० मीटर चढायचे तर तीन तास धरा, ताजा बर्फ गुडघाभर असेल तर आणखी जास्त, आणि उतरायला लागतात काही मिनिटं! ज्याला चढायचा कंटाळा आहे त्यानं या भानगडीत पडूच नये.

चढायची युक्ती मात्र भारी आहे. स्कीच्या तळाला स्किन्स नावाच्या पट्ट्या चिकटवतात, पूर्वी सीलच्या कातड्याच्या असायच्या, आता मोहेर म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांच्या, नाहीतर नायलॉनच्या. केस सगळे मागच्या बाजूला वळलेले, त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही, मांजरीच्या पाठीवरून उलटा हात फिरवून बघा म्हणजे कळेल. टाच मोकळी ठेवायची, नागमोडी वाट काढायची आणि इतकं हळू चालायचं की घाम यायला नको, कारण ओल्या कपड्यात माथ्यावरच्या वाऱ्यात उभं राहिलात की दोन मिनिटांत हुडहुडी भरते.

आता मुद्द्याचं. डोंगरात एकट्याला खरी भीती हिमस्खलनाची. बर्फ थरांनी साचतो, मधला एखादा थर कमकुवत असला आणि त्याच्यावर वाऱ्यानं दाबून घट्ट झालेली लादी बसली की माणसाच्या वजनानंसुद्धा ती अख्खी लादी सुटते. अशी स्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, सगळ्यात जास्त ३८ च्या आसपास, आणि गंमत म्हणजे स्कीवाल्यांना खुणावणारे उतार पण नेमके तेच. पायाखाली दबका ‘वुम्फ’ आवाज आला किंवा स्कीपासून भेगा पळत गेल्या तर समजायचं की खालचा कमकुवत थर खचतोय, आणि तिथूनच मागे फिरायचं, पुढचं वळण तेवढं बघून येतो वगैरे काही नाही.

सोबत कुणी असेल तर ट्रान्सीव्हर, प्रोब (बर्फात खुपसून गाडलेला माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं हे तिन्ही कामाला येतं. ट्रान्सीव्हर म्हणजे अंगावर बांधायचं छोटं रेडिओ यंत्र, ते ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल सोडतं, जोडीदार तो आपल्या यंत्रावर पकडतो आणि गाडलेल्याला खणून काढतो. पण हे सगळं मिनिटांत व्हावं लागतं, पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक लोक वाचतात, त्यानंतर आकडा झपाट्यानं खाली येतो. एकटे असाल तर खणणार कोण? मदतीला पथक निघून पोचेपर्यंत ती १० मिनिटं कधीच संपलेली असतात. ट्रान्सीव्हर तरी लावायचाच, आसपास दुसरा ग्रुप असू शकतो, पण त्याच्या भरवशावर तीव्र उतारात शिरायचं नाही.

म्हणून माझं मत असं की एकट्याच्या दिवशी ३० अंशांच्या आतच राहावं, आणि तेवढंच नाही, डोक्यावर मोठा तीव्र उतार लटकत असेल तर त्याच्या खालूनही जाऊ नये, कारण वरून सुटलेलं तुमचा उतार किती अंशांचा आहे ते बघत नाही. लोक म्हणतात त्यात काय मजा, पण २५ अंशांच्या मोकळ्या उतारावर ताजी पावडर असेल ना, तर रुंद स्की अशा तरंगतात की वळण घ्यायला फार जोर लावावाच लागत नाही, बर्फ छातीपर्यंत उडतो, आवाज जवळपास नसतोच. मला विचाराल तर त्या ३८ अंशांच्या घळीपेक्षा हे कितीतरी बरं, तिथे अर्धं लक्ष वरच असतं.

झाडीत जाणार असाल तर आणखी एक. मोठ्या सूचिपर्णी झाडांच्या खालच्या फांद्यांमुळे बुंध्याभोवती सैल बर्फाचा खड्डा तयार होतो, वरून दिसतही नाही. त्यात डोकं खाली करून पडलात तर हात-पाय मारून बर्फ आणखी अंगावर येतो आणि श्वास कोंडतो. जोडीदार असला तर ओढून काढेल, एकट्यानं निघणं फार कठीण. म्हणून बुंध्यापासून लांबूनच वळा, खूप बर्फ पडल्यावर तर दाट झाडीत जाऊच नका.

सकाळी निघताना त्या भागाचं हिमस्खलन बुलेटिन वाचायचं, धोक्याची पाचपैकी कितवी पातळी आणि कुठल्या दिशेचे उतार धोक्याचे ते बघायचं. तिसरी पातळी मधली वाटते म्हणून लोक बिनधास्त जातात, पण खूपसे जीवघेणे अपघात त्याच पातळीला होतात. घरी एकाला सांगून जायचं की कुठली वाट, किती वाजेपर्यंत परत, आणि नाही आलो तर कुणाला फोन करायचा. रेंज नसते, त्यामुळे सॅटेलाइट मेसेंजर असेल तर उत्तम.

आणि दुसरी फेरी मारायची असेल तर आपल्याच चढाईच्या वाटेनं वर जायचं, वाट आधीच पडलेली असते म्हणून वेळ वाचतो, आणि उतरताना पहिल्या खुणांच्या शेजारूनच यायचं. फक्त ऊन चढून बर्फ जड व्हायला लागला किंवा पाय थकून वळणं चुकायला लागली की बास, परत फिरा, आणि खाली पोचल्यावर घरच्या माणसाला मेसेज टाकायला विसरू नका, नाहीतर तो उगाच शोधपथकाला फोन लावून बसेल.