मार सोसण्याची तालीम

मित्रांनो, १९५५ सालचा डिसेंबर. आपल्या नागपुरात, हिस्लॉप कॉलेजात एक कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण विद्यार्थ्यांना खेळ शिकवत होता. जेम्स लॉसन. कोरियन युद्धाच्या वेळी लष्करात जायला नकार दिला म्हणून वर्षभराहून जास्त तुरुंगवास भोगून तो मिशनच्या कामासाठी इथं आला होता, गांधीजींची वाट समजून घेत होता. एके दिवशी नागपूरच्याच वर्तमानपत्रात त्यानं वाचलं, की अमेरिकेच्या दक्षिणेतल्या माँटगोमेरीत काळ्या लोकांनी वर्णभेदाविरुद्ध शहराच्या बसवर बहिष्कार टाकलाय. ती बातमी वाचून त्याला काय वाटलं असेल, याचा विचार मी अनेकदा करतो.

पुढच्या वर्षी तो मायदेशी परतला. मार्टिन ल्यूथर किंग त्याला भेटले आणि म्हणाले, दक्षिणेत ये, थांबू नकोस. लॉसन दक्षिणेतल्याच नॅशव्हिल शहरात गेला. तिथं एका चर्चमध्ये त्यानं विद्यार्थ्यांसाठी अहिंसक लढ्याचे वर्ग सुरू केले. डायेन नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट ही मुलं तिथलीच. सगळी विशी-बाविशीच्या आसपासची.

त्या वर्गात काय चालायचं ते नीट ऐका. काही जण खुर्च्यांवर बसायचे, बाकीचे गुंड व्हायचे. शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचं. बसलेल्यानं हात उगारायचा नाही. खाली पडलो तर डोकं कसं झाकायचं, मार खाणाऱ्या सोबत्याच्या आड कसं यायचं, हेही शिकायचं. आपल्याकडे तालीम म्हणतात, ती हीच. या मुलांच्या धैर्याचं आपण कौतुक करतो, पण त्यामागचे हे महिने विसरतो. मला तेच सगळ्यात मोलाचे वाटतात.

त्या काळी दुकानात काळ्या गिऱ्हाइकाकडून वह्या-कपड्यांचे पैसे घेत, पण त्याच दुकानातल्या जेवणाच्या काउंटरवर त्याला बसू देत नसत. १ फेब्रुवारी १९६० रोजी दक्षिणेतल्याच ग्रीन्सबरो शहरात चार काळे विद्यार्थी वूलवर्थ नावाच्या दुकानातल्या अशा काउंटरवर बसले आणि उठले नाहीत. नॅशव्हिलची मुलं तयारच होती. १३ तारखेला तीही बसली. २७ तारखेला गुंडांनी त्यांना बदडलं. अटक झाली ती मात्र विद्यार्थ्यांना, ८१ जणांना. एक तुकडी पोलिसांनी नेली की दुसरी येऊन त्याच जागी बसायची! पन्नास डॉलर दंड झाला, तर तो भरायला कित्येकांनी नकार दिला. दंड भरणं म्हणजे आपण गुन्हा केला असं मान्य करणं, म्हणून त्यांनी तुरुंग पत्करला. लॉसनला तर तो शिकत होता त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं काढूनच टाकलं.

इकडे काळ्या वस्तीनं बाजारपेठेतली खरेदी बंद केली. घराघरातल्या बायाबापड्यांचा हा वाटा कमी लेखू नका.

१९ एप्रिलला पहाटे मुलांचे वकील लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. ते आणि त्यांची पत्नी वाचले. त्याच दिवशी हजारो लोक मुकाट्यानं महापालिकेवर चालत गेले. पायऱ्यांवर महापौर बेन वेस्ट उभे. डायेन नॅशनं त्यांना सरळ विचारलं, केवळ रंगावरून माणसात भेद करणं चूक आहे, असं तुम्हाला वाटतं का? महापौरांनी सर्वांसमक्ष कबूल केलं, हो, चूक आहे.

१० मे रोजी नॅशव्हिलच्या सहा दुकानांत काळी गिऱ्हाइकं दोन-दोन, तीन-तीन करून काउंटरवर बसली. त्यांनी खायला मागवलं, आणि ते त्यांच्यापुढे आलं.