पट्टी वाचायला शिका

(रत्नागिरीत वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

व्यवसायाचं पर्यावरण म्हटलं की तुम्ही सहा चौकटींचा तक्ता काढता. राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, कायदेशीर, नैसर्गिक. मधोमध एक गोल, त्यात 'व्यवसाय' असं लिहिलेलं आणि चहूबाजूंनी बाण. परीक्षेत त्याचे गुण मिळतात, जरूर काढा. पण त्या गोलात पैसा कोणाचा, तो कधी गुंतला आणि बुडाला तर कोणाचा बुडणार, यातलं काहीच दिसत नाही. मी अभ्यास तिथूनच सुरू करायला सांगेन.

त्यासाठी आज एकच कागद घेऊ. वाशीच्या घाऊक बाजारातल्या दलालाकडून आंबा बागायतदाराला येणारी पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरात खिळ्याला अडकवलेल्या असतील. वर तारीख, पेट्या किती, चार डझनी की पाच डझनी, भाव काय लागला. खाली वजावट : गाडीभाडं, हमाली, असलं काय काय. आणि पुष्कळांच्या हिशेबात एक ओळ असते, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे.

ही ओळ नीट बघा. फवारणी, राखण, मजुरी, पेट्या, पेंढा हा खर्च पावसाळा सरला की सुरू होतो. आंब्याचा पैसा मार्च-एप्रिलमध्ये हातात येतो. मधले महिने निभावायचे कसे? पीककर्ज असतं, पण ते पुरतंच असं नाही. मग दलाल उचल देतो आणि ज्याची उचल, त्याच्याच गाळ्यावर माल जातो. 2016 साली राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. तुम्ही हे 'कायदेशीर' चौकटीत लिहाल. कागदोपत्री बागायतदार कुणालाही आंबा विकायला मोकळा झाला. पण डिसेंबरातच उचल घेऊन बसलेला माणूस एप्रिलमध्ये कितीसा मोकळा असणार? यात दलालाला खलनायक करू नका. तुडतुड्यांनी मोहोर खाल्ला तर त्याचेही पैसे अडकतात. धोका तोही घेतो, फक्त त्याची किंमत तो भावात वसूल करतो.

आता बागेत या. आपल्याकडे झाड एकाचं आणि हंगाम दुसऱ्याचा, ही गोष्ट नवी नाही. मालक मुंबईला, बाग कराराने दिलेली. जुलै-ऑगस्टमध्ये झाडाच्या बुंध्याभोवतीच्या मातीत पॅक्लोब्युट्राझोल घालतात, ज्याला आपण सरसकट कल्टार म्हणतो. त्यानं पालवीचा जोर आवरतो आणि मोहोर लवकर येतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं झाडाच्या फांद्यांच्या घेराप्रमाणे त्याची मात्रा ठरवून दिलेली आहे. पण करार दोन-तीन वर्षांचा असेल तर करारदाराला लवकर आंबा हवा, कारण फेब्रुवारी-मार्चच्या पेटीला मिळणारा भाव मेमध्ये मिळत नाही. झाड पुढची वीस वर्षं कसं राहील, हा मालकाचा प्रश्न. मग मात्रा वाढते, खत मागे राहतं आणि झाड थकतं. हे तंत्रज्ञानाच्या चौकटीत घालाल की निसर्गाच्या? माझ्या मते ते कराराच्या मुदतीत आहे. मुदत दहा वर्षांची करा, तोच माणूस वेगळा वागेल.

बाहेरून येणारा धक्काही असाच वाट काढत आत येतो. मे 2014 मध्ये युरोपीय संघानं भारतीय आंब्याला बंदी घातली, कारण माल तपासताना त्यात फळमाशी सापडत होती. जानेवारी 2015 मध्ये बंदी उठवायचं ठरलं. आता सांगा, ज्यानं आयुष्यात निर्यात केली नाही त्याचा याच्याशी संबंध काय? परदेशी जाणारा, निवडून काढलेला आंबा जहाजात किंवा विमानात चढला नाही, की तो देशातल्याच बाजारात उतरतो. तिथे ह्याच्या पेटीला त्याच्याशी स्पर्धा. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा झाडावरचा उरलेला आंबा जमिनीवर आला. पडलेल्या फळाला भाव कसला? आणि ज्याचा बहुतेक माल मार्चमध्येच गेला होता, त्याला तेच वादळ तुलनेनं हलकं गेलं. वादळ एकच, वह्या वेगळ्या.

मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरावर हाच प्रश्न विचारा, उत्तर निराळं मिळेल. पुष्कळ होड्यांवर वाट्याचा हिशेब चालतो : मासळी विकली की डिझेल, बर्फ, शिधा वजा करायचा आणि उरलेल्यात मालकाचा वाटा, तांडेलाचा, म्हणजे होडीवरच्या प्रमुखाचा वाटा, खलाशांचे वाटे. म्हणजे जाळं रिकामं आलं तर झळ सगळ्यांना. डिझेल महागलं की खलाशाचा वाटा आपोआप घटतो, त्याला कुणी पगार कमी केला असं सांगावंही लागत नाही. त्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत खलाशी काय खातो, हे विचारल्याशिवाय त्या धंद्याचा अभ्यास झाला असं मी मानणार नाही. हंगामाआधी त्यालाही आगाऊ पैसे दिलेले असतात. उचल इथेही आलीच!

काजूचं एका वाक्यात सांगतो : आपल्या कारखान्यांना आफ्रिकेतली बी लागते, त्यामुळे वेंगुर्ल्याच्या बीचा भाव सांगताना तिकडच्या पिकाकडेही बघावं लागतं.

प्रकल्पासाठी तुम्ही कुणाकडे तरी जाणार आहात. जाताना प्रश्नावली नेऊ नका. आणि नफा किती, हे पहिल्या दिवशी तर मुळीच विचारू नका. कोकणी माणूस हसेल, चहा पाजेल आणि काही सांगणार नाही. खानावळीवाल्याला विचारा, मासळीचे पैसे रोज चुकते करता की आठवड्यानं. होमस्टेवाल्याला विचारा, पावसाळ्यात कर्जाचा हप्ता कशातून जातो. लाकडी पेट्या करणाऱ्याला विचारा, लाकूड कधी भरता आणि बागायतदार पैसे कधी देतो. महिन्यांचा आडवा तक्ता करा, वर पैसा आला, खाली पैसा गेला, आणि रिकाम्या महिन्यांखाली लिहा की तिथे कुणाचा पैसा वापरला. तुमच्या त्या सहा चौकटी त्यानंतर भरायला घ्या.

आता प्रश्न विचारा. मागच्या बाकावरून सुरुवात करू या.