ब्लॅकबेरी म्हणजे नक्की कुठली?

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय ब्लॅकबेरीवर, आणि आधीच सांगून टाकते की मोबाईलवर नाही. म्हणजे तो येणारच मधे, त्याच्याशिवाय आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोचलाच नसता, पण त्याला पटकन उरकू.

तर तो फोन कॅनडातल्या वॉटर्लू गावच्या रिसर्च इन मोशन कंपनीचा. 1999 मधे त्यांनी ईमेल येणारा पेजर काढला, त्याला ब्लॅकबेरी नाव दिलं, कारण म्हणे त्याची बारीक बारीक बटणं या फळाच्या मण्यांसारखी दिसत होती. भारतात तो 2004 मधे आला. आधी सगळा सूट-टायवाल्यांचा मामला होता, मग कॉलेजच्या पोरांना बीबीएमचा, म्हणजे ब्लॅकबेरीवरच्या मेसेंजरचा नाद लागला, नंबर नाही मागायचे, त्या फोनचा खास कोड असायचा तो मागायचे, 'पिन दे ना' म्हणायचे. 2010 च्या ऑगस्टमधे सरकारने कंपनीला बजावलं की महिनाअखेरपर्यंत मेसेज तपासायची सोय करून द्या नाहीतर सेवा बंद करू, 26/11 ला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती तेव्हा, त्यामुळे एनक्रिप्शन, म्हणजे मेसेज कोणाला वाचता येऊ नये म्हणून गुप्त रूपात पाठवणं, हा शब्द पहिल्यांदाच चहाच्या टपरीवर ऐकू यायला लागला. पुढे आयफोन, अँड्रॉइड, व्हॉट्सअ‍ॅप आले आणि 4 जानेवारी 2022 ला जुन्या ब्लॅकबेरी फोनची सेवाच बंद झाली. झालं. फोन संपला.

आता फळ. गंमत अशी की आपल्याकडे जे जे काळं आणि छोटं, त्या सगळ्याला कोणी ना कोणी ब्लॅकबेरी म्हणून मोकळं होतं. जांभळाला इंग्रजीत 'इंडियन ब्लॅकबेरी' लिहितात, मग पोरं तेच पाठ करतात. अहो, जांभळात एकच भलीमोठी बी असते आणि झाड केवढं थोरलं, त्याचा आणि ब्लॅकबेरीचा काही संबंध नाही. आमच्या पालघरच्या बहाडोलीच्या जांभळाला तर जीआय मानांकन मिळालंय, त्याला परक्याचं आडनाव कशाला लावायचं? करवंदाचंही तसंच, काटे आहेत, रंग काळा आहे, पण तोडलं की पांढरा चीक येतो, ब्लॅकबेरीला चीक नसतो. आणि आइस्क्रीममधलं ब्लॅक करंट? ते तिसरंच फळ. शिवाय काही सुकामेव्याच्या दुकानात ब्लॅक करंट म्हणून जे देतात ते चक्क काळे मनुके असतात, चांगलेच असतात, रात्री भिजत घालून सकाळी खा, पण मनुके ते मनुकेच.

सगळ्यात जास्त घोळ होतो तुतीशी. दिसायला खरंच जुळी भावंडं, दोन्ही मण्यामण्यांची, दोन्हींनी बोटं जांभळी होतात. पण तुती झाडावर लागते, काटे नसतात आणि फळाला हिरवं देठ चिकटून येतं. ब्लॅकबेरी येते काटेरी, लांबच लांब वाकलेल्या फांद्यांवर. आणि आतली गोष्ट तर अजून भारी आहे. ब्लॅकबेरी एका फुलातून तयार होते, त्या एकाच फुलातल्या अनेक बीजकोशांचा एकेक मणी होतो आणि मण्यात एकेक बी, म्हणजे आपलं सीताफळ जसं होतं अगदी तसंच. तुतीत मात्र पूर्ण फुलांचा गुच्छच एकत्र येऊन फळ होतं, फणसासारखं, आणि तुती-फणस एकाच कुळातले आहेतच. ब्लॅकबेरीचं कूळ कुठलं, तर गुलाबाचं! पाच पाकळ्यांचं पांढरं नाहीतर फिकट गुलाबी फूल बघितलंत की पटेल. आणि हो, वनस्पतीशास्त्राच्या हिशेबाने ब्लॅकबेरी ही बेरीच नाही, केळं मात्र बेरी आहे. आता यावर काय बोलणार.

रासबेरी ही तिची सख्खी बहीण. फरक ओळखायला अगदी सोपा. रासबेरी पिकली की हळूच ओढायची, मधला पांढरा दांडा झाडावरच राहतो आणि हातात येते ती आतून पोकळ टोपी. ब्लॅकबेरी ओढली की तो दांडा फळाबरोबरच येतो, त्यामुळे ती भरीव लागते. मॉलमधे डबी उघडलीत की एक आडवी कापून बघा, मधे पांढरट गाभा दिसला पाहिजे.

आणि मॉलमधल्या डबीवरून सांगते, आपल्याकडे ती अशी पॅक होऊन, फ्रीजमधे बसून, तोऱ्यात मिळते, पण इंग्लंडमधे हे रस्त्याकडेच्या कुंपणातलं फुकटचं फळ आहे हो. ऑगस्ट-सप्टेंबरमधे लोक डबे घेऊन जातात, तोडून आणतात, सफरचंदाबरोबर शिजवून वर मैदा, लोणी, साखरेचा चुरा पसरून भाजतात. तिकडे एक जुनी समजूतही आहे की सप्टेंबरअखेरच्या मायकलमस सणानंतर ब्लॅकबेरी खायची नाही, कारण सैतानाला स्वर्गातून हाकललं तेव्हा तो नेमका या काट्यांवर पडला आणि तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी येऊन फळांवर थुंकतो! खरं कारण साधं आहे, तोवर हवेत ओल येते, फळाला बुरशी धरते, चवही पाणचट होते. पण सैतान सांगितला की पोरं ऐकतात.

झाड मात्र महाचिवट. फांदी पहिल्या वर्षी नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फुलते, फळते आणि मरते, पण मूळ जिवंतच, त्यातून नव्या फांद्या येतच राहतात. त्यात लांब फांदीचं टोक वाकून जमिनीला टेकलं की तिथेच मुळं फुटतात आणि नवीन झाड सुरू. अमेरिकेत 1885 च्या सुमारास ल्युथर बरबँक या नामांकित रोपवाल्याने भारतातून आलेल्या बियांपासून एक मोठ्या फळाची जात बाजारात आणली, नाव ठेवलं हिमालया जायंट. पुढे कळलं की ही मूळची आर्मेनिया आणि उत्तर इराणकडची, पण नाव जे चिकटलं ते चिकटलं, आजही सगळे हिमालयन ब्लॅकबेरीच म्हणतात. आणि तिने अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या वॉशिंग्टन, ओरेगॉन राज्यांत नदीकाठ, रिकामे प्लॉट, रस्त्याच्या कडा असं सगळं गिळलंय, आपल्याकडे शोभेची म्हणून आणलेल्या घाणेरीने जे केलं तेच. ती साफ करायला तिकडे चक्क शेळ्या सोडतात. तुमची मुलं-नातवंडं सिएटलकडे असतील तर त्यांना विचारा, घरामागे नक्की असेल. फक्त रस्त्याकडेची तोडताना तिथे तणनाशक मारलंय का ते आधी बघायला सांगा.

आता कोणाकडे डबी आलीच असेल तर दोन गोष्टी. आणल्या आणल्या धुवू नका, ओल राहिली की लगेच बुरशी धरते, खायच्या वेळी धुवा. लाल दिसते ती पिकलेली नसते, घरी ठेवून पिकतही नाही, तशीच आंबट राहते. पण जॅम करणार असाल तर अशा थोड्या लालसर मुद्दाम घाला, त्यात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला घटक, जास्त असतो, जॅम छान बसतो, वरून अर्धं लिंबू पिळा. बिया दाताखाली येतात म्हणून घरातले कुरकुरणार असतील तर शिजल्यावर गरम असतानाच चाळणीतून घासून गाळा, मग साखर घालून पुन्हा आचेवर ठेवा. आणि हो, पांढरा ओटा असेल तर खाली कागद घाला.