दिवसाला एक मिलिमीटर

हा दहाचा पाना. गॅरेजमध्ये असतो तसाच. पायाभोवती धातूच्या कड्या आहेत; त्यांच्यापासून निघणाऱ्या तारा त्वचेतून हाडात गेलेल्या आहेत, आणि कड्या एकमेकींना या आटे पाडलेल्या दांड्यांनी जोडलेल्या आहेत. दांडीवरचा नट पाव फेरा फिरवला, की आत कापलेल्या हाडाची दोन टोकं पाव मिलिमीटरनं लांब जातात. असं दिवसातून चार वेळा.

म्हणजे दिवसाला एक मिलिमीटर. उंची वाढवण्याची शस्त्रक्रिया करून घ्यायचं ज्याच्या मनात आहे, त्यानं आपलं पुढचं वर्ष या आकड्यापासून मोजायला घ्यावं.

हे तंत्र जन्मलं पश्चिम सायबेरियात, कुर्गान शहरात. 1950 च्या दशकात डॉ. गावरील इलिझारोव तिथे युद्धातल्या जखमींची न जुळणारी हाडं जुळवत होते. हाड कापून सावकाश ताणलं, तर मधल्या फटीत नवं हाड तयार होतं, हे त्यांनी दाखवून दिलं. 1964 चा ऑलिम्पिक विजेता उंच उडीपटू व्हॅलेरी ब्रुमेल मोटारसायकल अपघातानंतर त्यांच्याकडेच गेला होता, आणि नंतर पुन्हा दोन मीटरवरून उडी मारू शकला. मोडलेल्या पायांसाठीची ही विद्या पुढे धडधाकट पायांवरही वापरली जाऊ लागली.

इथेच हिशेब चुकतो. एक पाय आखूड असलेला रुग्ण दुसऱ्या पायाचा आधार घेतो. उंचीसाठी मात्र बहुतेक वेळा दोन्ही पायांची हाडं एकदम कापली जातात. भार टाकायला धड पायच उरत नाही.

समजा, नडगीत पाच सेंटिमीटर वाढवायचे आहेत. शस्त्रक्रियेनंतर पाच-सात दिवस थांबायचं, मग पन्नास दिवस पाना फिरवायचा. झाले दोन महिने. बरेच जण रजा एवढीच धरतात. पण दोन महिन्यांनी हाड फक्त लांब झालेलं असतं. ते कडक व्हायला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागू शकतो. सहा ते आठ महिने कड्या पायावर, नंतर कुबड्या, आणि पळणं-उड्या मारणं साधारण वर्षानंतर. हाडाच्या आत बसणारा, चुंबकानं लांबणारा खिळा वापरला तर बाहेर तारा नसतात, जंतुसंसर्गाची धास्तीही कमी. पण हाड त्याच्याच गतीनं भरतं, आणि तोवर पायावर पूर्ण भार देता येईलच असं नाही.

खरी कसोटी लागते ती मांसाची. हाड वाढतं, पोटरीचे स्नायू मागे राहतात. टाच हळूहळू वर उचलली जाते. पाऊल सपाट टेकेनासं होतं. ही टाच बघा. फिजिओथेरपिस्ट तळव्याला पट्टा लावून पाऊल नडगीकडे ओढतायत. रोज, आणि एकदा करून भागत नाही. एक आठवडा टाळाटाळ झाली तर गेलेली हालचाल परत मिळवायला महिने जातात, आणि कधीकधी स्नायुबंध सैल करायला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. दुखणं वाढलं, पायाला मुंग्या आल्या, तर डॉक्टर ताणण्याचा वेग कमी करतात, थांबवतातही. म्हणून कॅलेंडरवर मोकळे आठवडे आधीच सोडून ठेवायला हवेत. लग्नाची तारीख, परदेशी जाण्याचं तिकीट डोळ्यांसमोर ठेवून हे करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि घर. न्हाणीघराच्या दारातून चाकाची खुर्ची आत जाते का, हे टेप घेऊन आधी मोजा. भारतीय पद्धतीच्या संडासावर बसता येणार नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसरा मजला म्हणजे नजरकैदच. तारांभोवतीची त्वचा रोज स्वच्छ करायला, रात्री उठवून बसवायला कोणीतरी हवं. घरच्यांपासून लपवून ही शस्त्रक्रिया करू नये, असं मला वाटतं ते यासाठी. खर्चही शस्त्रक्रियेच्या बिलावर थांबत नाही: फिजिओ, एक्स-रे, बुडालेला पगार. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात सहसा बसत नाहीत. सिगारेट ओढत असाल तर आधी सोडा; तिनं हाड भरायला उशीर होतो.

आता हा एक्स-रे. पहिल्या महिन्यात इथे नुसती काळी फट होती. मग धुक्यासारख्या पांढऱ्या रेघा आल्या. आता समोरून आणि बाजूनं घेतलेल्या दोन चित्रांत मिळून हाडाच्या चार कडा दिसायला हव्यात. त्यांतल्या निदान तीन सलग दिसल्या की कड्या काढायचा विचार होतो. डॉक्टर बोट ठेवून मोजतायत. एक. दोन. तिसरी कड अजून मध्ये तुटलेली आहे. पुढचा एक्स-रे महिन्याभरानं.