बर्फातली सिरिंज

(नर्सिंगचे विद्यार्थी आणि इंटर्न यांच्यासमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

एबीजीचं, म्हणजे रक्तातले वायू मशीनवर तपासण्यासाठी धमनीतून काढलेल्या रक्ताचं, सॅम्पल बर्फात ठेवायचं, असं किती जणांना शिकवलंय? बघा, निम्मे हात वर. मलाही तेच शिकवलं होतं, आणि तेव्हा ते बरोबर होतं. सिरिंज काचेची होती. काच गेली, प्लास्टिक आलं, बर्फ मात्र तसाच राहिला.

बर्फ कशासाठी? रक्त बाहेर काढलं तरी पेशी जिवंतच असतात. पांढऱ्या पेशी ऑक्सिजन खातात, कार्बन डायऑक्साइड सोडतात. तांबड्या पेशी साखर मोडून लॅक्टेट करतात. सॅम्पल ट्रेमध्ये पडून राहिलं की पीएच उतरतो (रक्त आम्लाकडे झुकतं), पीसीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा दाब, चढतो, साखर तासाला पाच-सात टक्के घटते. ३७ अंशांना हे भराभर होतं, खोलीत सावकाश, शून्याजवळ जेमतेम. इथवर बर्फाची बाजू भक्कम आहे.

घोळ ऑक्सिजनचा. प्लास्टिकमधून वायू झिरपतो. रक्त गार झालं की हिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरतं, प्लाझ्मातही (रक्तातल्या द्रवातही) तो जास्त विरघळतो, म्हणून सिरिंजमधला पीओटू, म्हणजे ऑक्सिजनचा दाब, खाली जातो. बाहेर हवेत तो दीडशे मिलिमीटरच्या पुढे. मग बाहेरचा ऑक्सिजन आत शिरतच राहतो. मशीन रक्त पुन्हा ३७ अंशांवर आणतं आणि हा चोरवाटेने आलेला ऑक्सिजन रुग्णाच्या नावावर जमा होतो. ज्याचा पीओटू मुळात ४०-५० आहे, त्याच्यात फरक फारसा दिसत नाही. हिमोग्लोबिनमध्ये जागा असते, ते आलेलं सामावून घेतं. शंभराच्या आसपास मात्र घर भरलेलं असतं. जरासा ऑक्सिजन आला की आकडा उडी मारतो. म्हणून प्लास्टिकची सिरिंज खोलीच्याच तापमानाला ठेवायची आणि ३० मिनिटांच्या आत मशीनला लावायची. लॅक्टेट बघायचं असेल तर अजून घाई करा. आणि बुडबुडे लगेच काढा, नाहीतर हीच गडबड बर्फाशिवायही होते.

मी रेसिडेंट होतो तेव्हाची एक रात्र सांगतो. वॉर्डातल्या मामांनी किडनी ट्रेमध्ये बर्फाचे खडे भरून त्यातच सिरिंज खुपसून आणली. मामांची चूक नव्हती, आम्हीच तसं सांगितलेलं. पोटॅशियम आलं ६.८, म्हणजे हृदयाला धोका होईल इतकं जास्त. मी कॅल्शियम ग्लुकोनेटची अँप्यूल फोडली होती. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, ईसीजी बघा की आधी." ईसीजी अगदी साधा. दुसरं सॅम्पल घेऊन मी स्वतः धावत गेलो: ४.४. बर्फाला थेट चिकटल्यामुळे पेशी गोठून फुटल्या होत्या आणि आतलं पोटॅशियम बाहेर आलं होतं. बायोकेमिस्ट्रीच्या नळीत असं झालं तर सीरम (पेशी वेगळ्या केल्यावर उरलेला द्रव) लालसर दिसतं, लॅबवाला फोन करतो. एबीजी मशीन अख्खं रक्त घेतं. त्यात लाल काय नि लालसर काय!

उलटी गोष्ट ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची. पांढऱ्या पेशी लाखाच्या वर असल्या की त्या सिरिंजमधला ऑक्सिजन मिनिटांत फस्त करतात. रिपोर्ट म्हणतो पेशंट गुदमरतोय, आणि पेशंट तर नातवाशी फोनवर गप्पा मारतोय, बोटावरचा ऑक्सिमीटर ९७ दाखवतोय. अशा वेळी अर्धा तास हा नियम विसरा. सॅम्पल काढलं की हातात घेऊनच मशीनपर्यंत चालत जा. तेवढं जवळ मशीन नसेल तर काचेची सिरिंज शोधा आणि ती बर्फमिश्रित पाण्यात ठेवा. नुसत्या खड्यांत नाही.

मागून एक प्रश्न आलाय: "रात्री लिफ्ट बंद असते, मशीन दुसऱ्या इमारतीत, मामा एकच. उशीर झाला तर कळणार कसं?" रिपोर्टावर जी वेळ छापून येते, ती मशीनने तपासल्याची. रक्त कधी काढलं ते मशीनला कुठून ठाऊक? सिरिंजवर चिकटपट्टी लावा आणि सुई बाहेर काढल्याची वेळ पेनाने लिहा. दोन वेळांत पाऊण तासाचं अंतर दिसलं, तर त्या पीओटूवर व्हेंटिलेटरच्या सेटिंगला हात लावू नका, दुसरं सॅम्पल घ्या.